ओकायामातील काळवंडलेले रक्त : कॅटलेज नसलेल्या मुलीचे प्रकरण

१९४६ साली जपानमधील ओकायामा येथील वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घशाचे प्राध्यापक शिगेओ ताकाहारा यांच्याकडे अकरा वर्षांची एक मुलगी उपचारासाठी आली. तिच्या तोंडात कोथ झाला होता, म्हणजे हिरड्यांपासून सुरू झालेले सडणे वरच्या जबड्याच्या हाडापर्यंत पोहोचले होते. अवघ्या वर्षभरापूर्वी, २९ जून १९४५ रोजी, ओकायामा शहर हवाई हल्ल्यात जळून गेले होते. अन्नटंचाई आणि अस्वच्छता यांच्या त्या दिवसांत लहान मुलाच्या तोंडात असे काही दिसले, तर त्यात विशेष असे काही नाही असेच कोणालाही वाटले असते. ताकाहारांनी सडलेला भाग कापून काढला आणि नेहमीप्रमाणे जखम धुण्यासाठी तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले.

पेरॉक्साइड जखमेवर पडले की काय होते हे आपल्याकडे पुष्कळांनी पाहिलेले असते. औषधाच्या दुकानात ‘वीस व्हॉल्यूम’ म्हणून मिळणाऱ्या बाटलीतले, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांचे द्रावण पातळ करून खरचटलेल्या गुडघ्यावर टाकले की पांढरा फेस उसळतो, क्षणभर चुरचुरते आणि घाण फेसाबरोबर वर येते. या मुलीच्या जखमेत फेस आलाच नाही. उलट, रक्ताचा लाल रंग पाहता पाहता तपकिरी आणि मग काळपट झाला. ताकाहारांना पहिली शंका आली ती हाताशी दिलेल्या बाटलीची. परिचारिकेने चुकून पेरॉक्साइडऐवजी सिल्व्हर नायट्रेट दिले असावे, असे त्यांना वाटले. ते द्रावणही जखमेला काळेपणा आणते, त्यामुळे शंका रास्तच होती. पण बाटली बरोबर होती. खात्रीचे पेरॉक्साइड घेतले तरी रक्त तसेच काळे पडत होते आणि बुडबुडा एकही उठत नव्हता.

या प्रकरणाचे सारे महत्त्व त्या न आलेल्या फेसात आहे. जखमेवरचा फेस हा औषधाचा गुण आहे अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तो आपल्या ऊतींचा गुण आहे. पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन असे विघटन घडवून आणणारे कॅटलेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, तांबड्या रक्तपेशींत आणि यकृतात विपुल असते, आणि जखमेतून बाहेर आलेल्या रक्तातले तेच विकर तो फेस काढते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ तेनार यांनी १८१८ साली पेरॉक्साइड शोधले, तेव्हाच प्राण्यांच्या ऊतींच्या स्पर्शाने ते फसफसते हे त्यांना दिसले होते. कॅटलेज हे नाव विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ऑस्कर लोव यांनी दिले आणि १९३७ साली समनर व डाउन्स यांनी त्याचे स्फटिक मिळवले. म्हणजे १९४६ पर्यंत हे विकर चांगलेच परिचयाचे झाले होते. त्याच्यावाचून जगणारा माणूस मात्र तोपर्यंत कोणी पाहिलेला नव्हता.

ताकाहारांचा तर्क आता पाहिला तर सरळ वाटतो, पण तो त्या वेळी करायला धैर्य लागले असणार. रक्तात कॅटलेज नसेल तर पेरॉक्साइडचे विघटन होणार नाही, फेस येणार नाही. आणि तसेच राहिलेले पेरॉक्साइड हिमोग्लोबिनवर तुटून पडेल. हिमोग्लोबिनमधील लोह एका पायरीने ऑक्सिडीकृत झाले की मेथहिमोग्लोबिन तयार होते. त्याचा रंग तपकिरी असतो आणि ते ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. पेरॉक्साइड आणखी उरले तर रंगद्रव्याचाच नाश होतो आणि काळपट अवशेष राहतो. जखमेत दिसलेला रंगबदल हाच होता. मग मुलीच्या भावंडांचे रक्त तपासले गेले आणि त्यांपैकीही काहींचे रक्त तसेच वागले. तपासणीला उपकरण लागत नव्हते. रक्ताचा थेंब, पेरॉक्साइडचा थेंब आणि डोळे एवढ्यावर भागत होते.

इतर कुटुंबांतही असेच रुग्ण सापडत गेले, आणि १९५२ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश साप्ताहिकात ताकाहारांनी नऊ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकात तोंडाचा वाढता कोथ ‘बहुधा’ रक्तातील कॅटलेजच्या अभावामुळे होतो, असा शब्दप्रयोग आहे. नऊ रुग्ण हाताशी असूनही त्यांनी तो ‘बहुधा’ गाळला नाही, आणि पुढचा इतिहास पाहता तो गाळला नाही हे बरेच झाले, कारण कॅटलेजचा अभाव आणि तोंडाचा कोथ यांचा संबंध वाटतो तितका थेट नाही.

तोंडच का सडले?

अभाव साऱ्या शरीरात आहे, मग विकार फक्त हिरड्यांत आणि जबड्यात का? यकृतात कॅटलेज सर्वाधिक असते, मूत्रपिंडातही भरपूर असते. यकृतपेशींतील पेरॉक्सिझोम नावाच्या कोशिकांगांची तर ओळखच कॅटलेजवरून होते, कारण तिथे मेदाम्लांच्या विघटनातून सतत पेरॉक्साइड निघत असते. तर्काने यकृत आधी बिघडायला हवे होते. या रुग्णांचे यकृत बिघडलेले नव्हते. रक्तक्षयही ठळक नव्हता. तोंड सोडले तर मुले सर्वसाधारणपणे वाढत होती, आणि वयात आल्यावर तोंडाचा विकारही बहुधा पुन्हा डोके वर काढत नसे. इतकेच नव्हे, कॅटलेज नसलेल्या जपानी व्यक्तींपैकी सुमारे निम्म्यांना तोंडाचा विकार कधी झालाच नाही.

उत्तर तोंडात राहणाऱ्या जिवाणूंकडे आहे. तोंडातील कित्येक स्ट्रेप्टोकॉकस जाती आणि न्यूमोकॉकस हे वाढताना स्वतःच पेरॉक्साइड बाहेर टाकतात. त्यांच्याकडे कॅटलेज नसते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रत्येक प्रयोगशाळेत रोज होणारी एक साधी चाचणी याच गोष्टीवर उभी आहे. काचपट्टीवर जिवाणूंच्या वसाहतीचा कण ठेवायचा, त्यावर ३ टक्के पेरॉक्साइडचा थेंब सोडायचा. फेस आला तर स्टॅफिलोकॉकस, नाही आला तर स्ट्रेप्टोकॉकस. ही चाचणी शिकवताना विद्यार्थ्याला एक तंबी हमखास मिळते, की ब्लड अगारच्या बशीतून वसाहत उचलताना खालचे माध्यम खरवडू नकोस, नाहीतर त्यातल्या तांबड्या पेशींचे कॅटलेज खोटा फेस काढेल. बशीत मेंढीचे रक्त असते आणि मेंढीच्या रक्तातले कॅटलेज स्ट्रेप्टोकॉकसचे ‘नाही’ हे ‘हो’ करून टाकते. ओकायामाच्या मुलीच्या हिरड्यांत नेमके याच्या उलट होते. जिवाणूकडेही कॅटलेज नाही आणि रक्ताकडेही नाही.

दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत, किडलेल्या दाताच्या मुळाशी किंवा टॉन्सिलच्या खळग्यात असे जिवाणू साचले की तिथे पेरॉक्साइड साठू लागते. एरवी हिरडीतून झिरपणारे रक्त ते क्षणात निपटून टाकते. कॅटलेजचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडू शकतो, तेव्हा जिवाणूंच्या उत्पादनाची त्याच्यापुढे काय मातब्बरी? पण कॅटलेज नसलेल्या रक्तात हेच पेरॉक्साइड स्थानिक हिमोग्लोबिनला निकामी करते, त्या जागेचा ऑक्सिजनपुरवठा तुटतो आणि ऊती मरते. मेलेल्या ऊतीवर आणखी जिवाणू वाढतात आणि आणखी पेरॉक्साइड येते. ताकाहारांनी मांडलेली ही साखळी आजही मान्य आहे. सौम्य विकारात हिरडीच्या कडेला दुखणारे व्रण होत. मध्यम विकारात दाताच्या खोबणीभोवतीचे हाड सडून दात गळत. तीव्र विकारात जबड्याचे हाडच नष्ट होत जाई. उपचारही या साखळीला धरूनच होते. दूषित दात काढणे, मेलेला भाग कापणे आणि प्रतिजैविके देणे, एवढे केले की जखम भरून येत असे. विकराचा अभाव तसाच राही, पण जिवाणूंचे ठाणे उठले की त्या अभावाला करायला काही उरत नसे.

यातून वयाचा प्रश्नही थोडाफार सुटतो. दुधाचे दात पडून कायमचे येण्याच्या काळात हिरड्या सतत सोललेल्या असतात, तोंडाची निगा धड घेतली जात नाही आणि युद्धानंतरच्या जपानात तर पोषणाचीच वानवा होती. पुढे खाणे सुधारले, दातांची काळजी घेतली जाऊ लागली, प्रतिजैविके सहज मिळू लागली, तसा हा मुखकोथ जपानातही दुर्मिळ झाला. जनुक तेच राहिले, पण रोग जवळजवळ गेला.

वारसा आणि अर्धे विकर

बाधित मुलांचे आईवडील बहुधा निरोगी असत आणि अनेक कुटुंबांत ते एकमेकांचे चुलत, मामे किंवा आते भाऊबहीण असत. मामाच्या मुलीशी लग्न हा प्रकार ज्या समाजाला परका नाही, त्या मराठी वाचकाला यातला अर्थ वेगळा सांगायला नको. अप्रभावी जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तरच विकार दिसतो आणि रक्ताच्या नात्यातल्या लग्नाने त्या दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. पण नुसते ‘अप्रभावी’ म्हणून थांबणे बरोबर ठरले नाही. १९५९ साली ‘सायन्स’मध्ये निशिमुरा, हॅमिल्टन, ताकाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की रुग्णांच्या निरोगी दिसणाऱ्या नातेवाइकांच्या रक्तातही कॅटलेज पुरते नसते, ते साधारण निम्मे असते. एक प्रत सदोष असेल तर अर्धे विकर, दोन्ही असतील तर जवळजवळ शून्य, आणि हे तीन गट मोजणीत एकमेकांपासून स्वच्छ वेगळे पडत. बाहेरून निरोगी असलेला वाहक रक्ताच्या मोजणीवरून असा नेमका ओळखता येणे ही त्या काळी मानवी आनुवंशिकीत मोठी गोष्ट होती. हॅमिल्टन हे हिरोशिमाच्या अणुबॉम्ब हानी आयोगात काम करत होते. पुढे १९६१ साली त्यांनी, जेम्स नील आणि इतरांनी जपानमधल्या वाहकांचे प्रमाण मोजले, तेव्हा ते प्रदेशागणिक निरनिराळे निघाले.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये बर्नचे ह्युगो एबी यांनी लष्करभरतीच्या तरुणांचे रक्त तपासून कॅटलेज नसलेल्या व्यक्ती शोधून काढल्या. यांपैकी कोणालाही तोंडाचा कोथ नव्हता. त्यांच्यात विकर तयार होत होते, पण ते घडणीत बिघडलेले आणि लवकर मोडणारे होते. त्यामुळे ताज्या पेशींत थोडेफार काम भागत असावे आणि जुन्या होत जाणाऱ्या तांबड्या पेशींत ते नाहीसे होत असावे. तांबड्या पेशीला केंद्रक नसते, तिला नवे विकर घडवता येत नाही, जन्मतःची शिदोरी घेऊन तिला चार महिने काढायचे असतात. म्हणून रक्तात दिसलेला अभाव यकृतातही तेवढाच असेल असे नाही, आणि या क्षेत्रातल्या कित्येक मोजमापांना ही मेख लागू पडते. जपानी प्रकारात मूळ दोष वेगळा निघाला. १९९० साली वेन, ओसुमी, हाशिमोतो आणि ओगाता यांनी अकराव्या गुणसूत्रावरील कॅटलेजच्या जनुकात चौथ्या इंट्रॉनच्या, म्हणजे आरएनए जोडताना कापून टाकल्या जाणाऱ्या भागाच्या, पाचव्या जागी ग्वानिनऐवजी ॲडेनिन आलेले दाखवले. एका अक्षराच्या त्या फरकाने आरएनएची जोडणी चुकते आणि उपयोगी विकर बनतच नाही. एकमेकांशी नाते नसलेल्या जपानी रुग्णांतही हाच बदल सापडला, त्यामुळे तो एकाच दूरच्या पूर्वजाकडून आला असावा असे मानले जाते.

मग शरीर चालते कसे?

मला या प्रकरणात सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट ही वाटते, की जे विकर आपल्या रक्तात इतके ठासून भरलेले आहे, ते गेल्याने इतके थोडे बिघडते. पेशी श्वसन करते तेव्हा ऑक्सिजनचा काही अंश अर्धवट क्षपित होऊन सुपरऑक्साइड बनतो. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर त्याचे पेरॉक्साइड करते. मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ते काम ओळखले. म्हणजे पहिल्या विकराने एक संकट निवारून दुसरे उभे केलेले असते. त्या पेरॉक्साइडचा निकाल वेळीच लावला नाही, तर लोहाच्या सान्निध्यात त्यापासून हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे अतिशय क्रियाशील असा रेणूचा तुकडा, तयार होतो आणि तो भेटेल त्या रेणूला ओरबाडतो. निकाल लावणाऱ्यांत कॅटलेज एकटे नाही. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आहे, ज्याचा सुगावा मिल्स यांना १९५७ साली तांबड्या पेशींतच लागला आणि ज्याला सेलेनियम लागते हे १९७३ साली कळले. पेरॉक्सिरेडॉक्सिन आहे, जे तांबड्या पेशीत प्रथिनांच्या विपुलतेत अगदी वरच्या क्रमांकावर बसते.

यांच्यात कामाची वाटणी कशी आहे यावर बराच वाद झाला. १९६३ साली कोहेन आणि हॉकस्टाइन यांनी तांबड्या पेशीत पेरॉक्साइडचा मुख्य निचरा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज करते असे मांडले आणि कॅटलेजला जवळपास राखीव फळीत बसवले. ओकायामाचे रुग्ण या मताला पोषकच होते. रक्तात कॅटलेज नाही, तरी पेशी फुटत नाहीत. मग १९८९ साली कर्कमन, गाएतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही विकरे सारखाच वाटा उचलतात असा पुरावा पुढे आणला. त्यापूर्वीच, १९८४ साली, कर्कमन आणि गाएतानी यांनी दाखवले होते, की कॅटलेजच्या चार उपएककांवर एनएडीपीएच या, पेशीत क्षपणाची शक्ती पुरवणाऱ्या छोट्या सहकारी रेणूचे चार रेणू घट्ट चिकटलेले असतात आणि ते पेरॉक्साइडच्या सान्निध्यात विकर निष्क्रिय होण्यापासून वाचवतात. ग्लुटाथायोन हा छोटा रेणू पेरॉक्सिडेजच्या कामात खर्ची पडतो; त्याला पुन्हा कामाजोगे करायलाही एनएडीपीएचच लागते. म्हणजे दोन वेगळ्या वाटणाऱ्या फळ्या एकाच कोठारातून रसद घेतात, आणि तांबड्या पेशीत ते कोठार भरणारे विकर म्हणजे जी-६-पीडी. जी-६-पीडीची कमतरता आपल्याकडे पारशी समाजात आणि अनेक आदिवासी जमातींत आढळते, त्यामुळे हिवतापावर प्रायमाक्विन देताना सावधगिरी बाळगावी लागते. या कमतरतेत रक्त फुटते आणि कॅटलेजच्या अभावात सहसा फुटत नाही, याचे कारण आता उमगते. कॅटलेज गेले तर एक फळी जाते. कोठार रिकामे झाले तर दोन्ही फळ्या लंगड्या पडतात.

प्रत्येक विकराबाबत शरीर असे उदार नाही. मायटोकाँड्रियातील, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रातील, मँगनीजयुक्त डिसम्युटेज नसलेले उंदीर जन्मानंतर काही दिवसांतच मरतात, तर कॅटलेजचे जनुक काढून टाकलेले उंदीर वाढतात, पिले देतात आणि वरकरणी धडधाकट राहतात. तेव्हा ‘ऑक्सिडीकरणविरोधी विकरे’ असा एकच ढीग करून बोलणे, जे पूरक गोळ्यांच्या जाहिरातींत सर्रास चालते, शास्त्राला धरून नाही.

हे लक्षात ठेवून प्रायमेट गणाच्या, म्हणजे माकडे, कपी आणि माणूस ज्यात येतात त्या गणाच्या, तुलनात्मक अभ्यासाकडे पाहिले की ओकायामाची मुलगी पुन्हा आठवते. १९८० साली बाल्टिमोर येथील वार्धक्य संशोधन केंद्रातल्या टोल्मासॉफ, ओनो आणि कटलर यांनी कृंतकांच्या (उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या) दोन आणि प्रायमेट गणातील बारा जातींच्या यकृत, मेंदू आणि हृदयातील सुपरऑक्साइड डिसम्युटेज मोजले. माणूस इतर प्रायमेटांहून आणि माकड उंदराहून इतके जास्त का जगते, याचे उत्तर या विकरात असेल अशी अपेक्षा होती. नुसत्या विकराच्या प्रमाणाचा आयुर्मर्यादेशी मेळ बसला नाही. मग विकराच्या प्रमाणाला त्या जातीच्या चयापचयाच्या दराने भागले, तेव्हा मात्र सुंदर सरळ रेषा मिळाली. हा निष्कर्ष पुढे वर्षानुवर्षे उद्धृत होत राहिला. मला त्या भागाकाराची धास्ती वाटते. मोठा देह, मंद चयापचय आणि दीर्घ आयुष्य ही त्रयी सस्तन प्राण्यांत आधीच एकत्र चालते. मग छेदात चयापचय ठेवल्यावर उत्तराचा कल आयुष्याकडे झुकणारच, अंशात कोणतेही साधारण स्थिर विकर ठेवा. पुढे कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज यांचे मोजमाप झाले, तेव्हा दीर्घायुषी जातींत ती जास्त नव्हे, तर बहुधा कमी असल्याचे आढळले. दीर्घायुषी प्राणी पेरॉक्साइड निपटण्याऐवजी ते मुळात कमी निर्माण करत असावेत, हा अर्थ त्यातून अनेकांनी काढला आणि तो जास्त पटतो. कोठारात पहारेकरी किती आहेत हे मोजून चोऱ्या किती होतात हे कळत नाही.

ऊतीत विकर किती आहे आणि ऊतीचे रक्षण किती होते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे १९४६ च्या प्रकरणाने आधीच दाखवून दिले होते. तिथे विकर शून्य होते आणि नुकसान झाले ते फक्त जिथे बाहेरून पेरॉक्साइडचा लोट आला तिथे.

प्रायमेट वंशाने पेरॉक्साइडचा एक उगम स्वतःहून बंद केला, ही गोष्ट इथे जोडून सांगितली पाहिजे. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या यकृतातील पेरॉक्सिझोममध्ये युरिकेज नावाचे विकर असते. ते युरिक आम्लाचे विघटन करते आणि युरिक आम्लाच्या प्रत्येक रेणूमागे पेरॉक्साइडचा एक रेणू सोडते. माणूस आणि कपी (चिंपांझी, गोरिला यांसारखी बिनशेपटीची वानरे) यांच्या पूर्वजांत हे जनुक निकामी झाले, म्हणून आपल्या रक्तात युरिक आम्ल जास्त राहते आणि आपल्याला गाऊटचा, म्हणजे सांधे सुजून दुखण्याचा, त्रास होतो. तसेच क जीवनसत्त्व बनवण्याच्या शेवटच्या पायरीवरचे विकरही, जे काम करताना पेरॉक्साइड सोडते, माकडे, कपी आणि माणूस यांच्यात नाहीसे झालेले आहे. हे गमावणे फायद्याचे होते म्हणून टिकले की निव्वळ योगायोगाने, यावर ब्रूस एम्स यांनी १९८१ मध्ये युरिक आम्ल हे स्वतःच एक ऑक्सिडीकरणविरोधक आहे अशी कल्पना मांडल्यापासून चर्चा चालू आहे. मी त्यात निकाल देणार नाही. पण परिणाम एवढा नक्की आहे, की कॅटलेज नसलेल्या माणसाच्या यकृतात उंदरापेक्षा पेरॉक्साइडची एक धार कमी आहे.

ती धार आता औषधाच्या रूपाने परत आली आहे. रक्ताच्या कर्करोगावर उपचार सुरू केले की कर्कपेशी एकदम मरतात, त्यांच्या केंद्रकांतून युरिक आम्लाचा पूर येतो आणि मूत्रपिंड तुंबण्याची भीती असते. त्यावर शिरेतून देण्याचे रॅसब्युरिकेज हे औषध म्हणजे जैवतंत्राने बनवलेले युरिकेजच; या शतकाच्या सुरुवातीपासून ते युरोप-अमेरिकेत वापरात आले आणि आपल्याकडेही वापरले जाते. लाखो वर्षांपूर्वी वंशाने टाकून दिलेले विकर आपण काही तासांसाठी उधार घेतो, आणि त्याबरोबर युरिक आम्लाच्या प्रत्येक रेणूमागचे पेरॉक्साइडही पदरात घेतो. धडधाकट रक्त ते पचवते. जी-६-पीडीची कमतरता असलेल्या रुग्णात मात्र तांबड्या पेशी फुटू शकतात आणि मेथहिमोग्लोबिन वाढू शकते, म्हणून त्यांना हे औषध निषिद्ध आहे. हंगेरीतील देब्रेत्सेन येथील लास्लो ग्योथ, ज्यांनी तिथल्या कॅटलेज-कमतरतेच्या कुटुंबांवर अनेक वर्षे काम केले आणि त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण जास्त असल्याचे २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवले, त्यांनी २००७ साली एका सहलेखकासह कॅटलेजच्या कमतरतेतही या औषधाने हीच गुंतागुंत होऊ शकते असा इशारा दिला. रसायन तेच आहे, फक्त पेरॉक्साइड हिरडीच्या फटीतल्या जिवाणूऐवजी शिरेत सोडलेल्या औषधातून येते आणि तपकिरी होणारे रक्त जखमेत नसून धमन्यांत असते.

कॅटलेज नसलेल्या व्यक्ती आजही अधूनमधून उजेडात येतात आणि बहुधा तशाच, म्हणजे शस्त्रक्रियेच्या किंवा दंतवैद्याच्या खोलीत. जखम धुताना रक्त काळवंडते, फेस येत नाही आणि कोणीतरी आधी बाटलीवरचे नाव वाचते. बाटली बरोबर असेल तर पेरॉक्साइड लगेच थांबवायचे, जखम सलाइनने धुऊन दुसरे जंतुनाशक घ्यायचे, नळीत घेतलेल्या रक्तावर पेरॉक्साइडचा थेंब टाकून पुन्हा पाहायचे आणि मग भावंडांची चौकशी करायची.